टांगलेली जाळी

घाटटोली, ता. ब्रह्मपुरी
९ डिसेंबर २०२४

चि. हेमराज,

आशीर्वाद गृहीत धर. मुद्द्याचं लिहिते.

आठ दिवसांत तू घरी तीनदा फोन केलास. तिन्ही वेळा "सगळं बरं आहे" म्हणालास आणि तिन्ही वेळा अश्विन "आत्ताच बाहेर गेला" होता. तुझा धाकटा भाऊ दोन मिनिटांत तुझ्या हातातून फोन हिसकावून घेतो, हे साऱ्या टोलीला माहीत आहे. दिवाळीनंतर तुम्ही दोघं कोकणात बोटीवर कामाला गेलात, तेव्हापासून डिंपलशी न बोलता त्यानं एक दिवस काढला नव्हता. आता आठ काढले. त्याचा फोन पाण्यात पडला म्हणतोस. पडला असेल. तुझा फोन आहे ना?

काल डिंपल माझ्या ओसरीवर येऊन बसली. "आत्याबाई, तिकडं कोणी भेटली असन काय त्याले?" मी तिला दटावून घरी पाठवलं. लग्नाला दीड वर्ष झालेल्या पोरीच्या डोक्यात दुसरं काय येणार? माझा अंदाज वेगळा आहे. तुम्ही दोघं भांडलात आणि तो तुला सोडून दुसऱ्या बंदराला गेला. तसं असेल तर तसं लिही.

तुझ्या आईच्या घरी फोन स्पीकरवर असतो आणि अर्धी टोली ऐकत असते, म्हणून तुला बोलता येत नसेल. पत्र लिही. पोस्टमन माझं टपाल माझ्याच हातात देतो. तुम्हा दोघांना अक्षरओळख मी करून दिली आहे, चार ओळी लिहायला हात मोडणार नाही.

इकडे वैनगंगा उतरली. झिंगे आणि मरळ बरी मिळत आहे. हेच तीन महिने आपले.

अश्विन कुठे आहे?

इंदिराआत्या

—

कोळवली बंदर
१४ डिसेंबर

आत्याबाईले हेमराजचा नमस्कार.

आमी भांडलो नाई. अश्विन मोठ्या बोटीवर गेला आहे. ते बोट तीस-चाळीस मैल आत जाते, बर्फ भरून, आठ-दहा दिवस किनाऱ्याले लागत नाई. तिथी रेंज नाई. सुरमई आणि बांगड्याचा मोसम आहे, म्हणून तांडेल त्याले घेऊन गेला. तांडेल म्हणजे बोटीचा मुख्य माणूस. डिंपलले सांगा, काळजी नोको करू.

मी खाडीच्या कामावर आहो. इथी नदी समुद्राले मिळते त्या तोंडाले खाडी म्हणतात. त्यात मोठे खुंट रोवून पिशवीसारखे जाळे बांधतात, बोंबील आणि करंदी त्यात आपोआप येते. काही दिवस वाळूवर रापण ओढाले जातो. लांब जाळं समुद्रातून फिरवून आणतात अन् पन्नास माणसं दोन्हीकडून दोर ओढतात. सकाळी उत्तरेचा वारा असा येते का बोटं वळत नाई. आमाले इथी "गोड्या पाण्याचे" म्हणतात. मी म्हणलं, गोड्या पाण्याचे आहो पण पोहणं तुमच्यापेक्षा बरं येते. हासले.

आत्याबाई, एक विचारतो. तुमी आमाले भूगोलात भरती-ओहोटी शिकवली होती काय? अश्विनच्या वर्गाले शिकवली होती काय? मले आठवून नाई राह्यलं.

आईले सांगा, तो जेवण बराबर करते.

हेमराज

—

घाटटोली
२० डिसेंबर

हेमराज,

तुझं पत्र १८ तारखेला दुपारी आलं. संध्याकाळी पोलीस पाटील गुणवंतराव माझ्या दारात येऊन उभे राहिले. त्यांनी चपला काढल्या नाहीत, तेव्हाच मला समजायला हवं होतं. म्हणाले, "बाई, तिकडल्या ठाण्यातून निरोप आहे. अश्विन एक तारखेपासून पाण्यात आहे."

मी म्हटलं, चूक होते आहे, तो मोठ्या बोटीवर आहे. आत गेले, तुझं पत्र आणलं आणि पहिल्या ओळीपासून त्यांना वाचून दाखवलं. सुरमई, बांगडा, सगळं. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "बाई, बसा तुमी."

तुझं खोटं मी माझ्या तोंडानं वाचलं, हेमराज. बत्तीस वर्षं शाळेत काढली, अशी लाज मला कधी वाटली नाही.

तुझ्या आईला, शकुवहिनीला, मीच सांगितलं. ती भाकरी थापत होती. तव्यावरची उलटली, शेकली, उतरवली आणि मग खाली बसली. डिंपल ओरडली नाही. तिनं एकच विचारलं, "त्याले पोहता येते ना?" ढिवराच्या पोराला पोहता येतं का, असं ढिवराचीच सून विचारत होती.

काल सकाळी टोलीतल्या तेवीस घरांनी जाळी काढून घाटावरच्या बांबूंवर टांगली. रीत तुला माहीत आहे. आपला माणूस पाण्यात राहिला की तो हाती लागेपर्यंत कोणी पाण्यात जाळं टाकत नाही. आपल्या नदीत तिसऱ्या दिवशी माणूस वर येतो. तुझ्या समुद्राचा हिशेब मला माहीत नाही.

भरती-ओहोटी शिकवली होती का, असं तू विचारलंस. हो. शिकवली होती. चंद्राच्या चित्रासकट. तो प्रश्न तुला आत्ता का सुचला, ते मला कळत नाही.

काय झालं ते लिही. पहिल्यापासून, काही न गाळता.

आत्या

—

कोळवली
२६ डिसेंबर

आत्याबाई,

माफी कोणत्या तोंडानं मागू? मले वाटलं, आज सापडन, उद्या सापडन, मंग एकाच वेळी सांगीन. सापडला का सांगीन असं करता करता पंधरा दिवस गेले. आईच्या आवाजापुढं मले बोलताच येत नव्हतं.

एक तारीख, रविवार. बोटीचं इंजिन उघडून ठेवलं होतं, म्हणून सगळ्याइले सुट्टी. अश्विन म्हणाला, "भाऊ, हे खारे मासे खाऊन खाऊन जीभ मेली. चाल, आपलं जाळं टाकू, घरच्यासारखं." घरचं फेकजाळं तो गाठोड्यात घेऊन आलाच होता. दिवस निघता निघता आमी खाडीत एक लहान होडी घेतली. दगड टाकून ते एका जागी उभी केली. मी काठावर चूल पेटवली. चहापत्ती नव्हती म्हणून वरच्या दुकानात गेलो. जाताना म्हणलं, "मनगटाची दोरी ढिली ठेव." तो म्हणाला, "तू काय मले शिकवतं? तुझ्यापेक्षा मोठा फेर पडते माझा." खरंच पडते. तुमी पाह्यला आहे.

अर्ध्या तासानं आलो तं होडी तिथीच उभी. अश्विन नाई. जाळं नाई.

जाळं पाण्यातल्या खुंटाले अडकलं असन अन् मनगटाच्या दोरीनं त्याले ओढून नेलं असन, असं तांडेल म्हणते. मी लय शोधलं. पार समुद्रापर्यंत गेलो. वाळूवरून दोन कोस धावलो. आजही रोज तांडेलच्या होडीतून जातो. तांडेल बुढा आहे, पण माया आहे त्याले. काल म्हणाला, "तू गावी जा रे, आईजवळ बस." मी म्हणलं, कोणत्या हातानं जाऊ? दोघं आलो होतो.

मी त्याच्याशिवाय येत नाई.

हेमराज

—

घाटटोली
२ जानेवारी २०२५

चि. हेमराज,

तुझं पत्र मी तुझ्या आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "चहापत्ती तं मी बांधून देल्ली होती." तेवढंच. दोन दिवस ती तेच म्हणते आहे.

आता मी जे लिहिते ते दोनदा वाच.

जाळी टांगून पंधरा दिवस झाले. तीन दिवसांची रीत आहे ही, पंधरा दिवसांची नाही. थंडीचे हे तीन महिने टोली जगते आणि त्यातला एक महिना असा कोरडा जाणार. फेब्रुवारीत पाणी डबक्यात राहतं. कांताच्या घरी दोन दिवस नुसता भात आणि मीठ आहे, आणि कांता माझ्याशी बोलताना डोळे खाली ठेवते, जणू भूक लागणं हा तिचा गुन्हा आहे. इसरू नागभीडला भाताच्या रोवणीचं काम शोधायला गेला आणि परत आला. जानेवारीत कसली रोवणी? कोणी तक्रार करत नाही. तक्रार केली असती तर मी भांडले असते.

मी गुणवंतरावांकडे गेले. म्हटलं, पोरगा समुद्रात गेला, आपल्या नदीत नाही. ही रीत इथे लागत नाही.

ते म्हणाले, "बाई, तुमी शिकल्या-सवरल्या. सांगा, आपली नदी कुठी जाते?"

"समुद्रात."

"मंग झालं."

"तो समुद्र वेगळा. आपली नदी गोदावरीतून पूर्वेच्या समुद्रात जाते. अश्विन पश्चिमेच्या समुद्रात आहे. मध्ये अख्खा देश आहे."

"बाई, पाण्याले कुंपण असते काय?"

भूगोल शिकवण्यात माझा जन्म गेला, आणि मी उठून घरी आले.

रीत मोडायच्या दोनच वाटा आहेत. एक, माणूस हाती लागला पाहिजे. दुसरी, त्याच्या आईनं आपल्या हातानं पहिलं जाळं टाकलं पाहिजे. शकुवहिनी टाकणार नाही. टाकलं म्हणजे पोरगा गेला हे तिनं मान्य केलं. तिला कोणी म्हणतही नाही. रोज सकाळी ती घाटावर जाते, टांगलेल्या जाळ्यांखालून चालत जाते आणि परत येते. माणसं तिला बघून घरात जातात.

म्हणून ऐक. मी मुलांना आयुष्यभर सांगितलं, खोटं लिहू नका. आज मी तुला सांगते, लिही. लिही की अश्विन सापडला. तिथेच अग्नी दिला. ओळख पटली, हाताच्या कड्यावरून म्हण किंवा कशावरूनही म्हण. मी ते पत्र घाटावर सगळ्यांसमोर वाचेन. माझ्या वाचण्यावर कोणी शंका घेणार नाही. त्याच कारणासाठी हे मी तुझ्याकडे मागते आहे.

पाप असेल तर ते माझ्या नावावर. लवकर लिही.

आत्या

—

कोळवली
८ जानेवारी

आत्याबाई,

तीनदा लिवाले बसलो. "अश्विन सापडला" एवढं लिहून झालं अन् पुढं हात चालला नाई. तुमी पाप आपल्या नावावर घेता, पण त्याच्यात माझं आधीचं पाप झाकल्या जाते. ते झाकाचं नाई आता.

तुमी म्हणल्या होत्या काही गाळू नोको. मी गाळलं.

होडी रिकामी पाहून मी पाण्याकडं पाह्यलं. वरचा फेस अन् पानं समुद्राकडं चालले होते. मंग मी काय केलं? आपल्या इथी जे करतात तेच. माणूस वाहला का खाली धावाचं. लहानपणापासून तेच शिकलो. बानं तेच शिकवलं. मी काठानं खाली धावलो, खाडीच्या तोंडापर्यंत, मंग वाळूवर. हाका मारत. सकाळी सातपासून बारा वाजेपर्यंत मी समुद्राकडंच शोधत होतो. बंदरावर एकही बोट चालू नव्हती, रस्त्यात माणूस भेटला नाई.

बारा वाजता तांडेल भेटला. त्यानं पहिली गोष्ट विचारली, "किती वाजता गेला?" मी म्हणलं सात. तो माझ्या तोंडाकडं पाहतच राह्यला. म्हणाला, "अरे, आज अमावस्या. सातला भरती लागली होती. वरचं पाणी खाली जाताना दिसतं, पण बुडाचं पाणी तेव्हा आत शिरलेलं असतं. माणूस वर गेला रे, वर!"

आत्याबाई, इथली नदी मागं फिरते. समुद्र तिले रोज दोनदा मागं ढकलते. महिनाभर मी त्याच पाण्यावर काम करून राह्यलो होतो, डोळ्यानं रोज पाहत होतो. पण धावाची वेळ आली तेव्हा पाय आपल्या नदीवरचे होते.

आमी होडी घेऊन वर गेलो. अर्धा कोस वर काठानं चिखलातली झाडी आहे, कमरेइतका गाळ, माणूस त्यातून चालू शकत नाई. तिथी आपलं जाळं सापडलं. फाटलेलं. अन् मनगटाची दोरी एका झाडाले बांधलेली.

अडकलेली नाई. बांधलेली. दोन वेढे अन् उलटा फास. आपल्या बाची गाठ. तशी गाठ आपल्या घरचाच माणूस मारते. दोरी आपोआप अडकू शकते, गाठ आपोआप बसत नाई.

म्हणजे तो तिथपर्यंत जिता पोचला. त्यानं स्वतःले झाडाशी बांधलं अन् वाट पाह्यली. पाणी तं चढतच होतं, बारा वाजेपर्यंत. त्यानं हाका मारल्या असतील. "भाऊ" म्हणूनच मारल्या असतील, दुसऱ्या कोणाले मारन? अन् भाऊ त्याच्याकडं पाठ करून धावत होता.

दोरीचं दुसरं टोक, जे मनगटात असते, ते सुटलेलं होतं. त्यानं सोडलं का पाण्यानं, कोणी सांगू शकत नाई. तांडेल म्हणते पाण्यानं. तेच खरं असन. पण मी पाह्यलं नाई, म्हणून मी तो मेला असं लिहू शकत नाई, अन् जिता आहे असंबी लिहू शकत नाई.

हे तुमाले पाह्यजे त्याले वाचून दाखवा. आईले दाखवा. मंग टोलीनं मले काय म्हणाचं ते म्हणावं. घरी येण्याची लायकी माझी नाई. तांडेल म्हणते उन्हाळ्यापर्यंत काम देतो. मी इथीच राहीन अन् रोज त्या झाडीत जाईन.

हेमराज

—

घाटटोली
१५ जानेवारी

हेमराज,

तुझं पत्र १३ तारखेला मिळालं. एकटीनं एकदा वाचलं. मग तुझ्या आईच्या घरी गेले, डिंपलला आणि गुणवंतरावांना बोलावलं, दार उघडंच ठेवलं आणि एक शब्द न गाळता वाचलं. टोली अंगणात जमा झाली. मी थांबले नाही.

वाचून झाल्यावर मी आणखी एक गोष्ट सांगितली. ती तुलाही लिहिते. भरती-ओहोटीचा धडा मी शिकवला नव्हता. ना तुझ्या वर्गाला, ना अश्विनच्या. तो प्रश्न परीक्षेत येत नसे, आणि मला वाटायचं, झाडीपट्टीतल्या पोरांना समुद्र काय करायचा आहे. "घरी वाचा" म्हणून पान उलटत असे. मी स्वतः समुद्र पाहिलेला नाही. डिसेंबरात तू विचारलंस तेव्हा मी तुला खोटं लिहिलं. तू पंधरा दिवस खोटं बोललास म्हणून तुला झाडणारी मी.

एक शेळी अंगणात शिरली, तिला कोणीतरी हाकललं.

मग तुझी आई बोलली. पंचवीस दिवसांत ती चहापत्तीशिवाय काही बोलली नव्हती. ती गुणवंतरावांना म्हणाली, "पाटील, तुमी कुठी धावले असते?"

ते म्हणाले, "खाली."

"इसरू, तू?"

"खालीच, काकू."

अंगणात उभ्या असलेल्या प्रत्येकाला तिनं नाव घेऊन विचारलं. बायकांनाही. सगळ्यांनी तेच सांगितलं. शेवटी ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मीबी खालीच धावली असती, बाई. त्याले लिवा."

म्हणून लिहिते आहे.

काल संक्रांत होती. सकाळी ती घाटावर गेली आणि बांबूवरून तुझ्या वडिलांचं जाळं उतरवलं. कोणी मदतीला गेलं तर तिनं हातानं दूर केलं. गुडघाभर पाण्यात उभी राहिली. पाणी बर्फासारखं होतं, आणि ती इतका वेळ नुसती उभी होती की मला वाटलं ती परत फिरेल. मग तिनं जाळं टाकलं. फेर नीट पडला नाही, तिची सवय गेली आहे. पाण्यावर जाळं पडल्याचा आवाज झाला तेव्हा काठावरचे बाप्ये रडले. ती रडली नाही. जाळं ओढलं. त्यात काही नव्हतं. तिनं ते पिळलं, खांद्यावर टाकलं आणि घरी गेली. त्यानंतर तेवीस घरांनी आपापली जाळी उतरवली.

डिंपल घाटावर आली नाही. तिला काही मान्य नाही. ती म्हणते, गाठ त्यानं मारली तर गाठ त्यानंच सोडली. तिनं काल हातभर नवीन बांगड्या भरल्या. वाणाला तिला कोणी बोलावलं नाही. मी माझ्या घरी बोलावलं आणि हळद-कुंकू लावलं. मी जन्मभर बिनलग्नाची, मला त्यातलं काही येत नाही, तिनंच हात धरून शिकवलं. आज टोलीत सगळ्या घरी मासे शिजत होते. कांतानं तिला वाटी आणून दिली. तिनं ती शेजारच्या घरी देऊन टाकली. तिला समजावायला मी गेले नाही. काय समजावणार?

तू उन्हाळ्यापर्यंत तिथे राहणार नाहीस. त्या झाडीत रोज जाऊन तू त्याला शोधत नाहीस, तू स्वतःला शिक्षा देतो आहेस. ते काम इथेही होईल. तुझ्या आईनं एक पोरगा पाण्यात सोडला आहे. दुसरा काठावर उभा राहून हरवावा, हे मी चालू देणार नाही.

बल्लारशाहून नागभीडची गाडी घे. मी स्टेशनवर असेन. येताना मला काही सांगू नकोस, रडायचं असेल तर रड. घरी मात्र डिंपलला सगळं तुलाच सांगावं लागेल. ते झाड किती उंच होतं, पाणी किती चढलं होतं, गाठ जमिनीपासून किती वर होती. ती हे रोज विचारते आणि आम्हा कोणाकडे उत्तर नाही.

आत्या